गृहकर्जात जादा भरणा: घरखर्च वाढत असताना किती भरायचं, कसं भरायचं, कधी थांबायचं

तीस लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता बसतो २६,०३५ रुपये. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तर किती मुद्दल शिल्लक राहील? ज्याला विचारावं तो म्हणतो, पंधरा लाख. खरं उत्तर आहे २१ लाख. अर्धी मुदत सरली आणि फिटले जेमतेम नऊ लाख.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस पेटून उठतो. एफडी मोडू, बोनस टाकू, आईकडून थोडे घेऊ, पण हे ओझं उतरवू. मीही तेच केलं. हाताशी होतं तेवढं सगळं कर्जात ओतलं आणि आठ महिन्यांनी जूनमध्ये मुलीची शाळेची फी क्रेडिट कार्डावर भरायची वेळ आली. कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. साडेआठ टक्क्यांचं कर्ज कमी करायच्या नादात चाळीस टक्क्यांचं घरात आणलं. बायको तेव्हा म्हणाली, "आधी फी भर, मग बँकेला दान कर." ते अजून ऐकावं लागतं.

त्या वर्षातून शिकलेली गोष्ट अशी, की कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. म्हणून तो लगेच पाठवायचा नाही. लोणच्यासारखा आधी बाजूला मुरू द्यायचा. आमच्या घरी त्यासाठी एक वेगळं बचत खातं आहे, त्याला आम्ही "बरणी" म्हणतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या बरणीभोवतीच्या आहेत.

पायरी १: कर्ज खात्याचा उतारा समोर घ्या

बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून कर्ज खात्याचं स्टेटमेंट काढा. त्यातल्या चार गोष्टींना पेन्सिलीने गोल करा: आजचं शिल्लक मुद्दल, चालू व्याजदर, उरलेले हप्ते, आणि मागच्या हप्त्यातलं मुद्दल किती नि व्याज किती. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार बँकेने दर तिमाहीला हा हिशेब कर्जदाराला द्यायचाच आहे. तेव्हा काउंटरवर कुणी "कशाला हवंय?" असं विचारलं तर आपण उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याज २१,२५० रुपये होतं. हप्ता २६,०३५. म्हणजे मुद्दलात गेले ४,७८५. सुरुवातीची वर्षं अशीच जातात. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि तेव्हा मुद्दल सगळ्यात मोठं असतं. जादा भरलेला रुपया मात्र व्याजाच्या वाट्याला न जाता थेट मुद्दलातून वजा होतो. जादा भरण्याची सगळी ताकद यातच आहे.

मग बघायचं, आपला दर कशाला बांधलेला आहे. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून बदलत्या दराचं गृहकर्ज घेतलं असेल तर ते बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो), जोडलेलं असतं. त्याआधीचं असेल तर एमसीएलआर (बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणारा दर) किंवा त्याहून जुनं काहीतरी निघेल. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे कंपनीनेच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतो, आणि तो उतरताना जरा सावकाशच उतरतो.

रेपो मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ पासून तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ वर गेला. हे अडीच टक्के घराघरांत कसे शिरले ते आकड्यांत बघा. समजा २०२१ च्या सुरुवातीला ६.७ टक्क्यांनी तीस लाख, वीस वर्षांसाठी. हप्ता २२,७२२. पुढे दर झाला ९.२, तेव्हा शिल्लक होते समजा २९ लाख. त्या महिन्याचं व्याजच २२,२३३. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जाणार ४८९ रुपये! या वेगाने कर्ज फिटायला चाळीसहून जास्त वर्षं लागली असती. बँका इतकं ताणू देत नाहीत, म्हणून कुणाचा हप्ता वाढला, कुणाची मुदत वाढली, कुणाचं दोन्ही. हप्ता बदलला नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या कित्येकांना मुदत वाढल्याचं वर्षभराने समजलं. म्हणून "उरलेले हप्ते" हा आकडा दर तिमाहीला बघायचा.

नंतर वारं फिरलं. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. अनेक बँका दर उतरला की हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत कमी करतात. तुमच्या खात्यावर असं झालं असेल तर तुम्ही नकळत जादा भरणा करताच आहात. वेगळं काही करण्याआधी हे तपासा. घरखर्चाने जीव मेटाकुटीला आला असेल तर हप्ता कमी करून मागायचा रस्ताही मोकळा आहे. आणि दर वाढला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय त्याच २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्जदाराला द्यावा लागतो.

पायरी २: वर्षातून एकदाच येणाऱ्या बिलांची यादी

दर महिन्याची बिलं सगळ्यांना पाठ असतात: दूध, किराणा, सिलिंडर, मोबाइल, मेंटेनन्स. महिन्याचं गणित त्यामुळे क्वचितच बिघडतं. बिघडवतात ती वर्षातून एकदा दार वाजवणारी. आमच्या घरची यादी अशी:

शाळेची फी नि बस ७८,०००
आरोग्य विमा २६,०००
गाडी नि स्कूटरचा विमा ११,०००
घरपट्टी ९,०००
गणपती, दिवाळी, गावाला जाणं ३२,०००
सोसायटीची वर्षाची जादा वर्गणी ६,०००

बेरीज १,६२,०००. भागिले बारा, महिन्याला १३,५००. हे साडेतेरा हजार आम्ही आमच्या हिशेबात कुठेच धरत नव्हतो. उरलेत म्हणून जे बँकेत भरत होतो ते खरं तर जूनची फी नि सप्टेंबरचे गणपती होते.

यादी करायला एक संध्याकाळ लागते. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास उघडा, पाच हजारांवरची प्रत्येक नोंद वहीत उतरवा. हे नवरा-बायकोने एकत्र बसून करावं. एकट्याने केलेल्या यादीत दुसऱ्याचे खर्च नेहमी राहतात.

वीज बिलाचंही वर्षाचंच गणित करा. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत, आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दर चढत जातो. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. त्यामुळे मे महिन्यात एसी लावला की युनिट दुप्पट झाले तरी बिल दुपटीहून जास्त येतं. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. तो बघून वर्षाची सरासरी काढा आणि तीच दर महिन्याचं बिल म्हणून धरा. जानेवारीत बिल कमी आलं तर ती बचत समजू नका, तो मेचा ॲडव्हान्स आहे.

काही बिलं थोड्या कागदपत्रांनी कमी होतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण नव्या फ्लॅटवाल्याने त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आमच्या इमारतीत ताबा घेऊन दोन वर्षं झाली तरी हा अर्ज न भरलेले लोक होते. बिल्डरने केलं असेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. विम्याचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. नूतनीकरणाची नोटीस आली की तो आकडा खरंच गेलाय का बघा.

पायरी ३: आधी महाग देणी, मग गंगाजळी

क्रेडिट कार्डावर पुढे ढकललेली रक्कम असेल तर गृहकर्जात एक रुपयाही जादा टाकू नका. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, आणि लोकांची गल्लत इथेच होते: गृहकर्जाचा दर वर्षाचा सांगतात, कार्डाचा महिन्याचा. त्यानंतर पर्सनल लोन, मोबाइल-फ्रिजचे हप्ते. सोसायटीची थकबाकीही यादीत घ्या. थकलेल्या मेंटेनन्सवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावणाऱ्या सोसायट्या आहेत. तिमाहीचं बिल मागे ठेवून बँकेत जादा भरणारा एक सद्गृहस्थ मी पाहिलाय. सोसायटीच्या सभेत तो व्याजमाफी मागत होता.

गंगाजळी म्हणजे अडीनडीचा पैसा. सहा महिन्यांचे हप्ते अधिक सहा महिन्यांचा घरखर्च. आकडा मोठा वाटतो, एका वर्षात होत नाही, आणि तो पूर्ण होईपर्यंत जादा भरणा पूर्ण थांबवा असंही मी म्हणणार नाही. तीन महिन्यांचा झाला की छोटी रक्कम सुरू करायला हरकत नाही. पण तोपर्यंत नाही. हा पैसा स्वीप एफडीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा मोडणारी एफडी) किंवा वेगळ्या बचत खात्यात ठेवा, शेअर बाजारात नको. आणि घरातलं सोनं यात धरू नका. दागिना गहाण टाकायची वेळ येते तेव्हा घरात जे होतं ते कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "मी दोन लाख जादा भरलेत, तेव्हा नोकरी गेली तर दोन-चार महिने हप्ता नाही दिला तरी चालेल." चालत नाही. पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची सूचना, लागणारच, आणि खात्यात पैसे नसतील तर बाउन्सचा दंड नि सिबिलवर डाग, दोन्ही बसणार. जादा भरणा म्हणजे सुट्टीची शिल्लक नव्हे.

पायरी ४: रक्कम वाढवण्याआधी दर उतरवून घ्या

ही पायरी लोक विसरतात. त्याच बँकेत आज नव्या ग्राहकाला काय दर मिळतो तो बँकेच्या संकेतस्थळावर बघा. तुमचा जास्त असेल तर शाखेत जाऊन "रेट कन्व्हर्जन" मागा. जुन्या पद्धतीवरून रेपोशी जोडलेल्या दरावर येता येतं, काही ठिकाणी रेपोवरची बँकेची बेरीजही कमी होते. त्यासाठी एकदा फी लागते. तिची रक्कम लेखी घ्या.

अर्ध्या टक्क्याने काय होतं? तीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठवरून आठवर आलं आणि हप्ता २६,०३५ च ठेवला, तर ते २२० महिन्यांत फिटतं. वीस हप्ते वाचले, खिशातून जादा काही न भरता.

आपली बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसरीकडे हलवायचा पर्याय असतो. त्यात प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारी नोंद) हे सगळं पुन्हा येतं. मुदतीची सुरुवातीची वर्षं असतील आणि फरक अर्ध्या टक्क्याहून कमी नसेल तरच या फंदात पडावं असं माझं मत. मात्र दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात असलं की पहिल्या बँकेचा आवाज बराच मऊ होतो, तेवढ्यासाठी चौकशी जरूर करा.

पायरी ५: रक्कम ठरवा आणि बरणीत टाका

आता मूळ प्रश्न. वर्षभराची बिलं बाराने भागून बाजूला काढली, महाग देणी फिटली, गंगाजळीत दर महिन्याला काहीतरी जातंय. त्यानंतर जे उरतं त्याच्या निम्मी रक्कम घ्या. निम्मीच. बिलं वाढणार हे ठरलेलं आहे, फक्त कधी ते माहीत नसतं.

समजा ते निघाले २,००० रुपये. थोडे वाटतात ना? पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला २,००० जादा गेले तर तेच तीस लाखांचं कर्ज २४० ऐवजी २०१ महिन्यांत फिटतं. सव्वातीन वर्षं कमी, आणि व्याजात सुमारे सहा लाख दहा हजारांची बचत.

एकरकमी भरणाऱ्यांसाठी: पहिलं वर्ष संपल्यावर एक लाख भरले तर अठरा हप्ते कमी होतात आणि व्याज वाचतं अंदाजे ३ लाख ७० हजार. तेच एक लाख दहा वर्षांनी भरले तर कमी होतात नऊच्या आसपास हप्ते, वाचतात अंदाजे सव्वा लाख. म्हणजे भरायचं तर लवकर. पण याच आकड्यांनी लोक वेडे होतात, म्हणून त्यातली मेख सांगतो. ती ३ लाख ७० हजारांची बचत आज हातात येत नाही. ती येते शेवटी, न भराव्या लागणाऱ्या अठरा हप्त्यांच्या रूपात. तेव्हाच्या रुपयाला वडापाव मिळेल की नुसती चटणी, ते तुम्हीच बघा. आजच्या वीज बिलाला त्या बचतीचा काडीचा उपयोग नाही.

आणि म्हणून बरणी. दर महिन्याला पगार झाला की २,००० रुपये त्या वेगळ्या खात्यात आपोआप जातील अशी स्थायी सूचना लावा. तीन महिने तिथे राहू द्या. तिमाही संपताना बघा, मधे कशासाठी हात घालावा लागला का? नसेल, तर ते ६,००० कर्जात पाठवा. घालावा लागला असेल तर जे उरलंय तेवढंच पाठवा, नाहीतर काहीच पाठवू नका.

"पण तीन महिने थांबलो तर व्याज वाढेल ना?" असं माझ्या मेव्हण्याने विचारलं होतं. वाढतं. साडेआठ टक्क्यांनी पहिले दोन हजार दोन महिने थांबतात, दुसरे एक महिना. तिमाहीला सगळं मिळून ४२ रुपये. त्यातलेही थोडे बचत खात्याच्या व्याजात परत येतात. ४२ रुपयांत तीन महिन्यांचा विमा मिळतोय असं समजा. याचा आणखी एक फायदा आहे. काही बँका ठरावीक रकमेखाली, कुठे कुठे एका हप्त्याखाली, जादा भरणा घेत नाहीत. बरणीत साठवलं की ती अडचणही सुटते. तुमच्या बँकेत किमान रक्कम जास्त असेल तर तिमाहीऐवजी सहामाही करा.

पायरी ६: मुदत कमी करायची की हप्ता?

भरण्याच्या वेळी बँक हा प्रश्न विचारते, किंवा न विचारता स्वतःच ठरवते. तोच पहिल्या वर्षानंतरचा एक लाख घ्या. मुदत कमी केली तर वाचतात ३ लाख ७० हजार. हप्ता कमी केला तर तो २६,०३५ वरून अंदाजे २५,१५० वर येतो, महिन्याला ८८५ रुपये सुटतात, आणि पूर्ण मुदतीत व्याजाची बचत होते जेमतेम एक लाख.

जिथे वाचाल तिथे "मुदतच कमी करा" असा सल्ला मिळेल, आणि नुसतं व्याज मोजलं तर तो बरोबर आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. घरात एकाचाच पगार असेल, वयस्क आईवडील असतील, पगार दर वर्षी वाढेल याची खात्री नसेल, तर एक-दोनदा हप्ता कमी करून घेण्यात लाज नाही. सुटलेले ८८५ रुपये पुन्हा बरणीत टाका. जमलं तर तेही कर्जात जातील आणि मुदत कमी केल्याचाच फायदा बराचसा मिळेल. नाही जमलं तर ज्या महिन्यात सिलिंडर आणि स्कूलबस दोन्ही महागले त्या महिन्यात ते हाताशी असतील. वाढलेला हप्ता कमी करायला बँकेच्या पाया पडावं लागतं. कमी हप्त्यावर जादा भरायला कुणाची परवानगी लागत नाही. दोघांचा पगार चालू आहे, गंगाजळी भरलेली आहे, तर मुदतच कमी करा.

पायरी ७: प्रत्यक्ष पैसे भरताना

शुल्काची भीती बाळगू नका. व्यक्तीने घेतलेल्या, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क बँकांना २०१२ पासून लावता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे जुलै २०२५ चे निर्देश लागू आहेत. त्यात पैसा कुठून आणला याची अट नाही आणि अमुक महिने थांबा अशीही अट नाही. स्थिर दराच्या कर्जाचं मात्र करारपत्र वाचा, तिथे शुल्क असू शकतं.

आता माझी फजिती. पहिल्यांदा ५०,००० भरायला शाखेत गेलो. स्लिपवर कर्ज खात्याचा नंबर लिहिला, पैसे दिले, शिक्का घेतला, छाती फुगवून घरी आलो. दोन महिन्यांनी स्टेटमेंट काढलं तर मुद्दल होतं तसंच उतरतंय. पुन्हा शाखेत. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, जमा आहेत की पैसे तुमचे." मी म्हटलं, "मग मुद्दल का उतरलं नाही?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझे पन्नास हजार "ॲडव्हान्स" म्हणून पडून होते, पुढच्या हप्त्यांपोटी. मुद्दलात वळवा असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. दुरुस्त करायला तीन फेऱ्या आणि एक अर्ज लागला, आणि मधल्या दोन महिन्यांचं व्याज कुणी परत दिलं नाही.

तेव्हापासून ॲपमध्ये "पार्ट पेमेंट" असा स्पष्ट पर्याय दिसला तरच ऑनलाइन भरतो. नाहीतर शाखेत, सोबत हा अर्ज, दोन प्रतींत:

"माझ्या गृहकर्ज खाते क्र. ____ मध्ये दि. ____ रोजी रु. ____ भरत आहे. ही रक्कम पुढील हप्त्यांपोटी न धरता भरणा केल्याच्या तारखेसच मुद्दलातून वजा करावी. हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी / मुदत कायम ठेवून हप्ता कमी करावा (नको ते खोडावे). परतफेडीचे सुधारित वेळापत्रक द्यावे."

एका प्रतीवर पोच घ्या. आठ दिवसांनी उतारा पुन्हा काढा आणि पहिल्या पायरीत पेन्सिलीने गोल केलेले आकडे जुळवून बघा. मुद्दल नेमकं तेवढ्याने उतरलं का? उरलेले हप्ते बदलले का? सुधारित वेळापत्रक फायलीत लावा.

ज्यांचं उत्पन्न उड्या मारत येतं, म्हणजे दुकानदार, डॉक्टर, कमिशनवर काम करणारे, त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाची चौकशी करावी. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं जुनं उदाहरण. त्यात जादा टाकलेला पैसा व्याज कमी करतो आणि गरज पडली तर काढताही येतो. अशा कर्जाचा दर सहसा थोडा जास्त असतो. आणि काढता येतो म्हणजे काढला जातो, हेही लक्षात असू द्या.

करबचतीचं थोडक्यात. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही, त्यामुळे जादा भरण्याने काही हातचं जात नाही. जुन्या प्रणालीत व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याज अडीच लाखांच्या आसपास जातं, म्हणजे ते दोन लाखांखाली येईपर्यंत जादा भरल्याने करसवलत कमी होत नाही.

पायरी ८: कधी थांबायचं

सुरू करण्यापेक्षा थांबणं अवघड जातं, कारण तोवर त्या उतरत्या आकड्याची चटक लागलेली असते. आमच्या घरात ठरलेल्या खुणा तीन आहेत. कार्डाचं बिल एखाद्या महिन्यात पूर्ण भरता आलं नाही. सलग दोन तिमाही बरणीत हात घालावा लागला. किंवा दोघांपैकी एकाच्या कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली. यातलं एक जरी झालं तरी बरणीतला पैसा कर्जाऐवजी गंगाजळीकडे वळतो. मागच्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सहा महिने एक पैसा जादा भरला नाही. कर्ज तेवढ्याने पळून गेलं नाही.

आणि हप्ताच झेपेनासा झाला तर तो चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करायची विनंती चालू खात्यावर करणं आणि दोन हप्ते थकल्यावर करणं यात फार फरक असतो. नॅच बाउन्स झाल्यावर येणारे फोन वेगळ्या माणसांचे असतात.

सगळं नीट जमलं आणि एक दिवस शिल्लक शून्य झाली, तर नुसत्या एनओसीवर समाधान मानून घरी येऊ नका. बँकेने पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आहेत. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. कर्ज देताना घेतलेल्या कागदांची यादी आजच काढून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ताडून घेता येईल: मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मुद्रांक नि नोंदणीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट दिलं असेल तर तेही. सरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतला बोजा काढला का ते विचारा, महिना-दोन महिन्यांनी सिबिलवर खातं बंद दिसतंय का ते बघा, आणि बँकेच्या पत्राची एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना द्या. त्यांच्या रजिस्टरमध्येही तुमच्या फ्लॅटसमोर बँकेचं नाव लिहिलेलं असतं.